पाक हार्दोयोंचा स्वयंपाक

"आज पुन्हा टेंपेच?" असं पाक हार्दोयो ज्या रविवारी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, त्या रविवारपर्यंत त्यांच्या घरात सगळं सुरळीत चाललं होतं. जावा बेटावर वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने पाक म्हणतात आणि बाईला बु.

त्यांच्या मते ही तक्रार नव्हती, नुसती नोंद होती. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला समोर जे दिसेल त्याची नोंद करायची सवय लागते. ताटात तळलेल्या सोयाबीनच्या वड्या दिसल्या, आदल्या दिवशीही दिसल्या होत्या, तेवढंच त्यांनी तोंडाने बोलून दाखवलं. पण त्यांची बायको बु रेत्नानिंगसिह, म्हणजे घरातली रेत्नो, प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या शाळेची पाच दिवसांची सरकारी तपासणी सुरू व्हायची होती. तिने हातातला डाव खाली ठेवला. आपटला नाही. आपटला असता तर बरं झालं असतं.

"सोमवार ते शुक्रवार," ती म्हणाली, "संध्याकाळचं जेवण तुम्ही करायचं."

"मी?"

"रिटायर होऊन चार महिने झाले. दिवसभर करता काय तुम्ही? परवा मी वर्गावर असताना फोन केलात, की भिंतीवरचं घड्याळ सव्वीस सेकंद पुढे आहे."

"सत्तावीस," हार्दोयो म्हणाले.

करार तिथेच झाला. हार्दोयोंनी छाती काढून सांगितलं, की स्वयंपाक म्हणजे शेवटी काय, ठरलेल्या वस्तू ठरलेल्या वजनाने ठरलेल्या वेळी एकत्र आणणं. अख्ख्या मालांग शहरातले तराजू ज्याने सरळ केले त्याला एक पातेलं जड नाही. रेत्नोने कपाटातून आपली पाककृतींची वही काढली, त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि शाळेची कागदपत्रं घेऊन खोलीत गेली.

सोमवारी दुपारी दोन वाजता हार्दोयोंनी वही उघडली आणि अडीच वाजता त्यांना घाम फुटला. नारळाच्या दुधातली भाजी करायची होती. वहीत लिहिलं होतं: वांगी, पुरेशी. चवळीच्या शेंगा, मूठभर. नारळाचं दूध, दाटसर होईल इतकं. मीठ, पुरेसं. साखर, किंचित. शिजेपर्यंत शिजवावं.

हार्दोयोंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांनी पाव ग्रॅमच्या फरकासाठी सोनारांना नोटिसा दिल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटात, तीस वर्षं हे असलं चाललं होतं! "शिजेपर्यंत शिजवावं" या वाक्याला तर कायद्यात काही अर्थच नव्हता.

ते मागच्या अंगणात गेले. कुंपणाची भिंत कमरेएवढी होती आणि भिंतीपलीकडे शेजारच्या बु तुमिनाह कपडे वाळत घालत होत्या. बु तुमिनाह विधवा होत्या, तीन मुली लग्न करून गेल्या होत्या, त्यामुळे सल्ला द्यायला घरात कोणी उरलं नव्हतं.

"बु, मीठ पुरेसं म्हणजे किती?"

"पुरेसं म्हणजे पुरेसं, पाक. कमी नाही, जास्त नाही."

"ग्रॅममध्ये?"

बु तुमिनाहांनी ओला परकर तसाच दोरीवर टाकला आणि तळहात पुढे केला. "एवढं."

हार्दोयो आत गेले, मिठाचा डबा आणि आपला डिजिटल काटा घेऊन आले. बु तुमिनाहांनी तळहातावर "एवढं" मीठ घेतलं. वजन भरलं सहा ग्रॅम. हार्दोयोंनी पुन्हा घ्यायला लावलं; नऊ ग्रॅम. तिसऱ्यांदा अकरा.

"बु, रागावू नका," हार्दोयो गंभीरपणे म्हणाले, "पण तुमचा तळहात प्रमाणित नाही."

खात्यात असताना हे वाक्य त्यांनी शेकडो लोकांना ऐकवलं होतं आणि लोक मुकाट्याने दंड भरून जात. बु तुमिनाह मुकाट्याने कुठेच गेल्या नाहीत. त्या आधी डावीकडच्या घरी गेल्या, मग समोर, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. "या हाताने तीन पोरी वाढवल्या," त्या सगळीकडे सांगत होत्या, "आणि हा माणूस म्हणतो हात खोटा आहे!" चार वाजेपर्यंत गल्लीतली प्रत्येक बाई आपापला तळहात निरखून बघत होती.

भाजी मात्र झाली. हार्दोयोंनी तिन्ही वजनांची सरासरी काढून आठ पूर्णांक सदुसष्ट शतांश ग्रॅम मीठ घातलं. रेत्नो साडेसहाला आली, हातपाय धुऊन बसली. हार्दोयोंनी रुबाबात भाताच्या कुकरचं झाकण उघडलं. आत गार पाणी होतं आणि तळाशी तांदूळ शांत पडले होते. बटण "गरम ठेवा" वर होतं; "शिजवा" वर दाबायचं असतं हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रेत्नोने सकाळचा ब्रेड भाजीत बुडवून खाल्ला. दोन तुकडे. "छान आहे," म्हणाली, "पोट भरलं माझं," आणि उठली.

मंगळवारी हार्दोयोंनी मिरचीचा संबल, म्हणजे तिकडचा ठेचा, करायला घेतला. रेत्नोला संबल असला की बाकी काही लागत नाही, असा त्यांचा हिशेब. त्यात तेरासी, म्हणजे जवळ्याची कुजवलेली वडी, आधी भाजून घ्यायची असते. घरातल्या बायका कणभर भाजतात, दार-खिडक्या उघड्या ठेवून. हार्दोयोंनी, आठवडाभराचं एकदम करून ठेवावं म्हणून, दीडशे ग्रॅम भाजायला घेतली. काट्यावरचे आकडे वाऱ्याने हलू नयेत म्हणून दार-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. शेजारच्या शेगडीवर चाळीस मिरच्या कोरड्या तव्यात.

पाचव्या मिनिटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सातव्या मिनिटाला त्यांनी खिडकी उघडली, आणि आत कोंडलेलं सगळं गल्लीत गेलं.

समोरच्या घरातलं बाळ आधी शिंकलं, मग बाळाची आजी, मग तिसऱ्या घरातला पोपट. कुणीतरी ओरडलं, "गॅस फुटला! गॅस!" गल्लीच्या पहाऱ्याच्या चौकीत कौलाखाली लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला असतो, चोर, आग, पूर यांतलं काहीही आलं तर तो बडवायचा. गेल्या सहा वर्षांत कोणी बडवला नव्हता. गल्लीप्रमुख पाक वाकिदी लुंगीवरच धावत आले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी बडवला. पाच मिनिटांत बावीस घरं रस्त्यावर होती. तोंडाला टॉवेल लावून, हातात दागिन्यांच्या पिशव्या, जमिनीचे कागद, कोंबडे. पाक वाकिदी नाकाला रुमाल बांधून हार्दोयोंच्या स्वयंपाकघरात शिरले आणि तव्यासमोर खोकत उभ्या असलेल्या गृहस्थांना म्हणाले:

"पाक, तुम्ही करताय काय?"

"जेवण," हार्दोयो म्हणाले.

रेत्नो शाळेतून आली तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यात उभी होती आणि तिचा नवरा मधोमध माफी मागत होता. त्या संध्याकाळी बु तुमिनाहांनी दोन अंडी तळून भिंतीवरून दिली. दिली खरी, पण देताना म्हणाल्या, "वजन करून घ्या हं पाक, नाहीतर म्हणाल कोंबडी प्रमाणित नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक वाकिदी एक छापील अर्ज घेऊन दारात हजर. "तीव्र वासाचा पदार्थ शिजवण्यापूर्वी द्यावयाची पूर्वसूचना." पदार्थाचं नाव, वेळ, वाऱ्याची दिशा, अर्जदाराची सही, गल्लीप्रमुखाचा शिक्का. गल्लीत हा अर्ज भरणारा एकच माणूस होता आणि त्याच्यासाठीच तो रात्रीतून तयार झाला होता. दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण हार्दोयोंचा उभा जन्म अर्जांमध्ये गेलेला, त्यांनी अर्ज वाचला, चेहरा थोडा उजळला, आणि म्हणाले, "पाक वाकिदी, वाऱ्याच्या दिशेला दोन रकाने हवेत. एक शिजवण्यापूर्वीचा, एक नंतरचा." पाक वाकिदींनी ते मान्य केलं आणि नवी प्रत काढायला गेले.

बुधवारी भोपळ्याचा रस्सा केला. त्याबद्दल एवढंच सांगता येईल, की उरलेला सांडला तेव्हा कोणालाही वाईट वाटलं नाही.

पण बुधवारची खरी जखम वेगळी होती. रेत्नो जेवून, म्हणजे चार घास खाऊन, "मस्त झालंय" म्हणून आत गेली आणि बहिणीला फोन लावला. हार्दोयो तिला पाणी द्यायला गेले ते दाराशीच थांबले.

"नाही गं, उपाशी कशाला राहीन," रेत्नो हसत सांगत होती. "शाळेच्या फाटकाशी गाडीवाला असतो ना, त्याची चार भजी खाऊनच घरी येते. मग दोन घास त्यांच्या हातचे खाल्ले, छान म्हटलं, की झालं. बिचारे दिवसभर राबतात. मन कशाला मोडायचं?"

हार्दोयो पाण्याचा पेला तसाच घेऊन परत आले आणि खुर्चीवर बसले. खात्यात असताना त्यांना एका कसायाने सुरा दाखवला होता, एका सोनाराने मंत्र्याचं नाव सांगितलं होतं. तेव्हा ते हलले नव्हते. आता "बिचारे" या शब्दाने हलले. वाईट आहे म्हणाली असती तरी चाललं असतं. पण आपली बायको भूक बाहेर भागवून घरी येते आणि आपल्यावर दया म्हणून दोन घास खाते! आणि त्याहून वाईट विचार मागोमाग आला. गेली तीस वर्षं ती रोज शाळेतून येऊन लगेच शेगडीपाशी उभी राहायची. तेव्हा ती कुठे काय खाऊन यायची? त्यांना ठाऊक नव्हतं. याची नोंद त्यांनी कधी केली नव्हती.

त्यांनी वही पुन्हा काढली. शेवटच्या पानावर, जुन्या शाईत, रेत्नोच्या आईच्या हातची रावोनची कृती होती. काळ्या रंगाचं मांसाचं सार. पानावर तेलाचे डाग होते. रेत्नोची आई गेल्यापासून घरात रावोन झालं नव्हतं. लागतो वेळ आणि हवा धीर, आणि रेत्नोकडे शाळेनंतर दोन्ही उरत नसत.

"शुक्रवार," हार्दोयो स्वतःशी म्हणाले.

रावोन काळं होतं ते क्लुवेक नावाच्या बीने, आणि क्लुवेक मिळतं मोठ्या बाजारात. गुरुवारी सकाळी हार्दोयो तिथे गेले आणि बाजाराच्या कमानीत त्यांचे पाय थबकले. एकतीस वर्षं ते या बाजारात वही आणि शिशाचे शिक्के घेऊन येत. ते आले की ओळीच्या ओळी ताठ बसायच्या. आज त्यांच्या हातात गुलाबी प्लॅस्टिकची टोपली होती.

मसाल्याच्या ओळीत पहिली बसायची म्बोक पोनिराह, म्हणजे पोनिराह मावशी, सत्तरीची, तोंडात एक दात आणि तो धारदार. अकरा वर्षांपूर्वी हार्दोयोंनी तिचा तराजू जप्त केला होता.

"बायांनो!" तिने जी आरोळी ठोकली ती मासळीच्या ओळीपर्यंत गेली. "साहेब आले गं! काटे पुसा!"

"म्बोक, मी रिटायर झालोय. ग्राहक म्हणून आलोय."

"ग्राहक?" पोनिराहने टोपलीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा सणासारखा फुलला. "मग बसा की, साहेब. काय देऊ?"

"शंभर ग्रॅम आलं."

तिने तराजू आधी रिकामा तोलून दाखवला. मग आलं ठेवलं. "डावीकडून बघा साहेब. आता उजवीकडून. खालून बघायचंय? वाका थोडं." हार्दोयो वाकले. मागे गर्दी जमली होती. आल्याचा एक तुकडा तिने नखाने तोडून काढला, पुन्हा तोललं, पुन्हा अर्धा तुकडा ठेवला. मग एका कागदाच्या चिठोऱ्यावर बोटाने टेकून म्हणाली, "इथं सही. माल बरोबर मिळाला म्हणून." हार्दोयोंनी सही केली. शेजारची कांदेवाली म्हणाली, "माझ्याकडेही करा हो." गवती चहाच्या दोन काड्यांसाठी, हळदीच्या बोटासाठी, लिंबाच्या पानांसाठी, सगळीकडे सह्या झाल्या. गवती चहावाल्याने तारीखही घालून घेतली.

"आणि क्लुवेक? पाव किलो."

"ते वजनावर नसतं साहेब. नगावर. आणि कानाने घ्यायचं असतं."

तिने टोपलीतली एक करडी, दगडासारखी बी उचलून त्यांच्या कानापाशी हलवली. हार्दोयोंनी दुसरी उचलली, तिसरी, विसावी. डोळे मिटून, एका गुडघ्यावर बसून, भर बाजारात ते बिया कानापाशी वाजवत राहिले. पाऊण तास. ज्या गोष्टीला आकडा नाही ती खरी कशी ओळखायची हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी पोनिराहचाच धीर सुटला.

"कुणासाठी करताय एवढं?"

"बायकोसाठी," हार्दोयो म्हणाले. "तिच्या आईची कृती आहे. ती दमून येते."

पोनिराहने त्यांनी निवडलेल्या बिया परत टोपलीत लोटल्या आणि पदराखालच्या डब्यातून आठ बिया काढल्या. "या घ्या. आतून खुळखुळ वाजते ऐका. फोडल्यावर आत काळीभोर, लोण्यासारखी पाहिजे. आणि पातेल्यात टाकायच्या आधी एकेक जिभेला लावून बघायची. एक कडू निघाली की सगळं सार गेलं. आणि कच्ची पोटात गेली तर बाधते, साहेब. विषारी असते ती."

"मी निवडलेली एक तरी असू द्या," हार्दोयो म्हणाले. तेवढा मान त्यांना हवा होता. आपल्या निवडीतली एक बी त्यांनी गुलाबी टोपलीत नववी म्हणून टाकली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी नव्या रकान्यांसह अर्ज भरला. पाक वाकिदींनी दाराबाहेर उभं राहून बोट ओलं करून वारा बघितला, शिक्का मारला आणि "इतकं केलंच आहे तर" म्हणून व्हरांड्यात बसून राहिले. अडीच वाजता मांस शिजायला लागलं. छोटे कांदे, लसूण, आलं, धने वाटून झाले. मसाला तेलात पडला तसा जो वास सुटला तो अर्जात लिहिण्यासारखा नव्हता. बु तुमिनाह भिंतीपाशी आल्या, चार दिवसांचा रुसवा विसरल्या, आणि भिंत ओलांडून सरळ आतच आल्या. "गंध बरा येतोय," म्हणाल्या. "कोणी सांगितलं तुम्हाला कसं करायचं?"

साडेचारला क्लुवेकची पाळी आली. पहिल्या आठ बिया काळ्याभोर निघाल्या. हार्दोयो एकेक जिभेला लावत, मान डोलावत पुढे गेले. नववी, त्यांची स्वतःची, आतून फिकट होती. पण तोवर त्यांना हुरूप आला होता. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"कडू?" बु तुमिनाहांनी विचारलं.

"कडू."

"थुंकलात?"

हार्दोयोंनी आवंढा गिळला होता. बु तुमिनाहांनी जी किंकाळी फोडली तिने व्हरांड्यात पेंगणारे पाक वाकिदी उभेच राहिले. "विष खाल्लं! पाक हार्दोयोंनी विष खाल्लं!" हार्दोयो सांगत होते की कणभरच होतं, पण पाक वाकिदींनी त्यांना बखोटीला धरून स्कूटरवर मागे बसवलं. जाताना हार्दोयोंनी मागे वळून एवढंच सांगितलं: "आच मंद ठेवा! मीठ अजून घातलेलं नाही!"

आरोग्यकेंद्रात गर्दी होती. खिडकीतल्या कारकुनाने शांतपणे कागद ओढला.

"तक्रार?"

"विषबाधा!" पाक वाकिदी म्हणाले.

"संभाव्य," हार्दोयोंनी दुरुस्ती केली.

"काय खाल्लं? किती?"

"क्लुवेक. अर्ध्या ग्रॅमच्या आत."

"कामावर असताना की घरी?"

"घरी. स्वयंपाक करताना."

"म्हणजे काम करत नव्हता," कारकून लिहायला लागला.

"थांबा!" हार्दोयोंचा आवाज इतका चढला की बाकावरच्या एका बाईच्या कडेवरचं मूल रडायचं थांबलं. "स्वयंपाक काम नाही? दोन तास मी उभा आहे! पाठ मोडलीय माझी! सकाळपासून मी दुसरं काही केलेलं नाही, आणि तुम्ही लिहिता काम करत नव्हता?"

रांगेतल्या चार बायकांनी माना वर केल्या. एक म्हणाली, "बरोबर बोलतायत काका. लिहा, काम म्हणून लिहा." कारकुनाने चौघींकडे पाहिलं आणि लिहिलं. हार्दोयो खाली बसले. आपण काय बोललो हे त्यांना नंतर कळलं, आणि कान गरम झाले. मागच्या रविवारी त्या खिडकीत ते स्वतः असते, तर त्यांनीही तेच लिहिलं असतं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने डोळे, जीभ, नाडी तपासली, काय शिजतंय ते विचारलं, आणि "एवढ्याने काही होत नाही, पण अर्धा तास इथेच बसा" म्हणून सांगितलं. हार्दोयो बाकावर बसून घड्याळ बघत राहिले. मृत्यूची भीती पहिल्या पाच मिनिटांत गेली. उरलेली पंचवीस मिनिटं त्यांना मांस तळाला लागण्याची भीती होती. त्यांनी बु तुमिनाहांना फोन लावला.

"बु, ती नववी बी टाकून दिलीत ना?"

"कधीच. आठ घातल्या वाटून. सार काळंभोर झालंय."

"मीठ?"

"ते मी नाही घालणार. माझा हात प्रमाणित नाही."

"बु, चुकलं माझं. घाला तुम्ही."

"नाही. रुसून नाही म्हणत," बु तुमिनाहांचा आवाज एकदम मऊ झाला. "सगळं तुम्ही केलंत, पाक. मग मीठही तुमच्याच हातचं पडू दे. या लवकर."

ते घरी पोचले तेव्हा साडेसहाला पाच कमी होते. स्वयंपाकघरात गल्लीतल्या सात-आठ बायका होत्या, कोणी मोड आलेले मूग निवडलेले, कोणी खारवलेली अंडी चिरलेली, कोणी कुरकुरीत पापड तळलेले. काटा कुठेतरी भांड्यांच्या ढिगाखाली गेला होता. हार्दोयो तो शोधत असतानाच फाटकाची कडी वाजली. त्यांनी डब्यात हात घातला, मीठ घेतलं, टाकलं, चाखलं. सगळ्या बायका श्वास रोखून बघत होत्या. आणखी थोडं टाकलं. चाखलं. चिमूटभर आणखी. मग डाव खाली ठेवला आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "झालं."

रेत्नो फाटकातच थांबली होती. तिच्या हातात गाडीवाल्याच्या भज्यांचा तेलकट पुडा होता. तिने तो तसाच, न उघडता, चपलांच्या कपाटावर ठेवला आणि वासाच्या मागोमाग आत आली. घरभर माणसं का आहेत हेसुद्धा तिने विचारलं नाही.

हार्दोयोंनी भात वाढला, शिजलेला. त्यावर काळं सार ओतलं. शेजारणी खिडकीबाहेर सरकल्या, पण खिडकीबाहेरच. रेत्नोने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. हार्दोयो हातात डाव धरून उभे होते. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. ताट संपलं. रेत्नोने मान वर न करता ते पुढे सरकवलं आणि त्यांनी पुन्हा वाढलं. दुसऱ्या ताटातलं निम्मं जेवण झाल्यावर तिने डाव्या हातावर हनुवटी टेकली, डोळे मिटले, आणि उजव्या हातातला चमचा हळूच ताटात पडला.

"रेत्नो?"

खिडकीतून पाक वाकिदींचा चेहरा आत आला. "पाक... आठही बिया चाखल्या होत्या ना तुम्ही? पुन्हा स्कूटर काढू?"

बु तुमिनाह चवड्यांवर आत आल्या, रेत्नोच्या तोंडाशी कान नेला आणि दोन्ही हात वर करून खिडकीला खुणेने सांगितलं: घोरतेय.

पाच दिवसांच्या तपासणीनंतर, पोटात दीड ताट गरम जेवण गेल्यावर, मुख्याध्यापिका बाई बसल्या जागी झोपल्या होत्या. हार्दोयो आणि बु तुमिनाहांनी तिला धरून पलंगावर नेलं. ती अर्धवट झोपेत "मुलांनो, रांगेत," एवढंच म्हणाली. मग प्रश्न आला पातेल्याचा. इतक्या लोकांना नुसत्या वासावर घरी पाठवणं शक्य नव्हतं. व्हरांड्यात चटया पडल्या आणि अख्खी गल्ली न बोलता जेवली. वाढायचं खुणेने, आणखी हवं तर बोट वर करायचं, पापड तर लोकांनी सारात भिजवून मऊ करून खाल्ले, वाजू नये म्हणून. पाक वाकिदींना ठसका लागला तर ते रस्त्यावर धावत गेले आणि तिथे खोकून आले. बु तुमिनाहांनी तीनदा वाढून घेतलं. जाताना त्यांनी हार्दोयोंच्या खांद्यावर तोच हात ठेवला आणि भिंत ओलांडून गेल्या.

हार्दोयोंच्या वाट्याला भज्यांचा पुडा आला. ती गार झाली होती.

शनिवारी सकाळी ते भांडी पुसत होते, तेव्हा रेत्नो उठून आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी. ती सरळ शेगडीपाशी गेली, एक झाकण उचललं, दुसरं उचललं, मग फ्रिज उघडून आत वाकून बघितलं.

"कालचं रावोन कुठाय?"

"संपलं."

"संपलं म्हणजे?" ती वळली. "पातेलंभर होतं!"

"शेजारी जेवले. तू झोपली होतीस..."

"म्हणून सगळं वाटून टाकलंत? एक वाटीसुद्धा नाही ठेवली? आईच्या हातचं रावोन मी बारा वर्षांनी खाल्लं, अर्धं ताट तर माझं तसंच राहिलं, रात्री स्वप्नातही तेच होतं, सकाळी उठून गरम भातावर घेईन म्हटलं, आणि तुम्ही सगळ्या गावाला जेवायला बसवलंत? त्या वाकिदीला वाढलंत ना? किती वेळा? दोन? आणि बायकोसाठी काही नाही! इतका हिशेबी माणूस, एक वाटी बाजूला काढायची अक्कल नसावी?"

ती बरंच बोलली. आवाज भिंतीपलीकडे जात होता. हार्दोयो हातात ओलं फडकं धरून, मान खाली घालून उभे होते. पूर्ण आठवड्यात त्यांना गल्लीने हसून घेतलं होतं, बाजाराने सह्या करायला लावल्या होत्या, सरकारी खिडकीने बेकार ठरवलं होतं. आणि आता बायको इतकी चिडली होती की तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ती श्वास घ्यायला थांबली आणि तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"हसताय काय?"

"कुठे हसतोय," हार्दोयो म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. "तू बोल ना. थांबलीस का?"